शेळी समितीचा अकरावा नियम

आमच्या मंडळीत शेळी समिती आहे. हसून घ्या आधी, मग पुढचं सांगते.

पुण्यातल्या इतर चर्चमध्ये क्वायर असतं, संडे स्कूल असतं, भगिनी मंडळ असतं. आमच्याकडे हे सगळं आहेच, वर शेळी समिती आहे आणि मी तिची सेक्रेटरी आहे. तीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे 'एस्तेरला लिहिता येतं' एवढ्या एका गुन्ह्यापायी हे पद माझ्या गळ्यात पडलं. दरवर्षी समितीचा अहवाल मीच लिहिते. तो दीड पानाचा असतो. अहवालात जे बसत नाही, ते उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी सांगितलं जातं. दुसऱ्या रविवारी त्यात थोडी भर पडते आणि तिसऱ्या रविवारी ते ज्याच्या बाबतीत घडलं त्यालाच कोणीतरी रंगवून ऐकवतं!

चार-पाच वर्षांत असं बरंच साठलंय. त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते. कोणाला राग आला तर समितीकडे लेखी कळवावं. उत्तर मीच देते.

*

समितीचं मूळ म्हणजे चिकोंडी. हा मलावी देशातून कॉम्प्युटरची पीएचडी करायला पुण्यात आलेला मुलगा. उंच, शांत, आणि मराठी शिकला ती मेसच्या काकूंकडून. त्यामुळे त्याच्या मराठीत 'वाढू का अजून' पहिल्यांदा आलं आणि 'धन्यवाद' फार नंतर.

एका रविवारी पाळकसाहेबांनी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं. तो म्हणाला की तो सात वर्षांचा असताना त्याच्या गावात चर्चचे काही स्वयंसेवक ट्रकभर शेळ्या घेऊन आले होते. त्याच्या आईला एक मिळाली. त्या शेळीच्या करडांवर त्याची शाळा झाली. अट एकच होती. शेळीला पहिली मादी झाली की ती आईने स्वतः निवडलेल्या दुसऱ्या घरी, स्वतःच्या हाताने द्यायची.

"शेळी मिळाली त्या दिवशी आई रोजच्या कपड्यात गेली होती," तो म्हणाला. "पण पाट द्यायला गेली तेव्हा ठेवणीतले कपडे घालून गेली."

पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. हा शब्दही आम्हाला त्यानेच शिकवला, आणि त्याला मेसच्या काकूंनी.

अख्ख्या चर्चच्या डोळ्यांना पदर लागले. त्याच दुपारी चहा संपायच्या आत अकरा जणांची समिती उभी राहिली. अकरापैकी दहा जणांनी आयुष्यात शेळी फक्त ताटात पाहिलेली.

अध्यक्ष झाले शांतवनमामा. मामा सगळ्यांचेच मामा आहेत. वय चौऱ्याहत्तर. दारूगोळा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे पट्टी लावल्याशिवाय त्यांना विचार करता येत नाही. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. मामी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कॅनडात. समितीची मीटिंग ते दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या घरी ठेवतात, विषय असो वा नसो. माणशी दोन मारी बिस्किटं मिळतात. तिथल्या सोसायटीचेही तेच अध्यक्ष, आणि गेटवरचा बोर्ड त्यांनीच रंगवून घेतलाय: 'आवारात कोणताही प्राणी आणू नये. आणल्यास मालकासह बाहेर काढण्यात येईल.'

तर पहिल्या मीटिंगचा पहिला विषय: शेळी मिळते कुठे? बरीच चर्चा झाली. शेवटी मामा म्हणाले की पुण्यात जे काही मिळतं ते मंडईत मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन मंडईत गेले. एका भाजीवाल्याला त्यांनी अदबीने विचारलं, आपल्याकडे शेळी मिळेल का?

भाजीवाल्याने गवारीच्या ढिगावरून मान वर केली नाही.

"शेळी नाही. शेळीला लागणारा पाला आहे. शेळी मिळाली की या."

*

मग आम्ही चाकणच्या जनावरांच्या बाजारात गेलो. मामा, मी आणि चिकोंडी. मामांनी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला होता. का, ते विचारायची सोय नव्हती.

त्या बाजारात भाव बोलून ठरत नाही. व्यापारी हातावर उपरणं टाकतो, त्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरतो, आणि जितकी बोटं दाबली जातील तितका आकडा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. ही पद्धत तिथे सगळ्यांना माहीत असते. आम्हाला कोण सांगणार?

एका व्यापाऱ्याने उपरणं टाकून मामांचा हात धरला. मामांना वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे! त्यांनी पाचही बोटांनी त्याचा हात घट्ट धरला, वर दुसरा हात ठेवला, आणि चांगला हलवला. व्यापाऱ्याचे डोळे विस्फारले. एवढा भाव त्याला जन्मात कोणी दिला नसणार. सौदा ठरला म्हणून त्याने शेळीचा कासरा माझ्या हातात दिलासुद्धा.

चिकोंडी तोवर शेळीच्या भोवती फिरत होता. व्यापारी त्याला सांगत होता की शेळी अगदी कोवळी आहे, दोनदाती आहे, आत्ता कुठे वयात आली आहे. शेळीचं वय दातांवरून ओळखतात म्हणे. चिकोंडीने शांतपणे तिचं तोंड उघडलं, आत बघितलं, तोंड मिटलं, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दादा," तो व्यापाऱ्याला म्हणाला, "ही आजी आहे."

भोवतालची माणसं पोट धरून हसली. व्यापारीही हसला, काय करतो! मग चिकोंडीने स्वतःचा हात उपरण्याखाली घातला, आणि आम्ही खरोखरची दोनदाती शेळी घेऊन परतलो. टेंपोत मामांनी टाय सैल केला. मग म्हणाले, माणूस मात्र प्रेमळ होता.

*

शेळी एकच घेतली, कारण मामांच्या मते हा 'प्रायोगिक टप्पा' होता. ती द्यायची होती खडकवासल्याच्या बऱ्याच पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर. आमच्या एका बाईंची मोलकरीण तिथली, म्हणून ते गाव सापडलं.

मामांनी अर्ज तयार केला होता. बत्तीस प्रश्नांचा, चौकटी आखून. वाडीत दोनच घरं खरी नडलेली होती. एक काशिनाथ, जो झाडावरून पडून पायाने अधू झाला होता, आणि दुसरी भागाबाई. भागाबाई साठीच्या पुढची, धनगराची. नवरा वारलेला, शेवटच्या दोन शेळ्या बिबट्याने नेलेल्या, पदरात सात वर्षांची नात.

मामा तिच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि सुरू झाले. मी लिहीत होते. घरात माणसं किती? दोन. घरी दूध कुठून येतं? शेजारणीकडनं, मागून. दुखलं-खुपलं तर बघायला कोण? ह्याच शेजारणी. असं करत मामा एकोणिसाव्या प्रश्नावर आले. 'शेळी पाळण्याचा अनुभव?'

जिचा जन्म शेळ्यांमागे गेला, त्या बाईला हा प्रश्न! तिने मामांच्या टायकडे बघितलं, बुटांकडे बघितलं.

"तुमास्नी किती हाय?" तिने विचारलं.

मामांनी घाईघाईने विसावा प्रश्न काढला. शेळी कशासाठी हवी आहे? आता मात्र ती जरा थांबली. नात पाण्याची कळशी घेऊन पलीकडे गेली तेव्हा बोलली.

"पोरीच्या कपभर दुधासाठी रोज कुनाच्या तरी दारात भांडं घेऊन हुबी ऱ्हाते. त्या देत्यात, न्हाय म्हनत न्हाईत. पन मला आता कुनाच्या दारात हुबं ऱ्हायाचं न्हाय."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. छापखान्यात असताना मी कोणाचं वाक्य बदललं नाही, इथेही बदललं नाही. बत्तिसावा प्रश्न होता, 'अर्जदार खरोखर गरजू आहे काय? (समितीचे मत)'. मामांनी माझ्याकडून कागद घेऊन तिथे स्वतःच्या सुवाच्य अक्षरात 'होय' लिहिलं.

मग चिठ्ठ्या टाकल्या. शेळी निघाली काशिनाथला. पहिली पाट होईल ती भागाबाईला द्यायची, असं काशिनाथने सगळ्यांदेखत सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा भागाबाई आपल्या अंगणात खुंटा ठोकत होती.

*

समितीचे नियम अकरा. पहिले दहा मामांचे. शेळीचा फोटो दर महिन्याला पाठवावा, शेळी आजारी पडल्यास लेखी कळवावे, वगैरे. अकरावा चिकोंडीचा: 'पहिली पाट कोणाला द्यायची ते देणाऱ्याने ठरवावे आणि स्वतःच्या हाताने द्यावी. समितीने मध्ये पडू नये.'

या शेवटच्या वाक्यावर मामांनी तीन मीटिंगा घेतल्या. समिती मध्ये पडणार नसेल तर समिती कशाला, असं त्यांचं म्हणणं. चिकोंडी दर वेळी शांतपणे त्याच्या आईच्या ठेवणीतल्या कपड्यांची गोष्ट सांगायचा. शेवटी नियम तसाच राहिला.

मामांनी नियमावली लॅमिनेट करून घ्यायची ठरवलं होतं. पण लॅमिनेशनवाला त्या दिवशी बंद होता, म्हणून साधा कागदच काशिनाथच्या गोठ्याच्या कुडाला खोचून आलो. पुढच्या भेटीत पाहिलं तर शेळीने तो वरून खात खात आणला होता. दहा नियम गेले होते. अकरावा तेवढा खाली कुडात अडकून राहिला होता.

*

शेळी गाभण राहिली. खरंच राहिली का, हे बघायला मामांनी सहकारनगरचे डॉ. सबनीस यांना आणलं. डॉक्टर सज्जन, फुकट आले. पण गेली वीस वर्षं त्यांच्याकडे येतात ती फक्त बंगल्यातली कुत्री. त्यांनी शेळी तपासली, गाभण असल्याचं सांगितलं, अभिनंदन केलं, आणि हाताच्या सवयीने प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं. काशिनाथने ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यावे. घरातले तळलेले देऊ नये. सोफ्यावर उड्या मारू देऊ नयेत.'

काशिनाथ गंभीरपणे म्हणाला, "डाक्टर, बाकी समदं पाळतो. सोफ्याचं तेवढं समितीनं बघावं."

*

आता सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. पाट व्हायला हवी. भागाबाईचा सगळा जीव त्यावर.

भगिनी मंडळाने खास प्रार्थनासभा ठेवली. मी होते म्हणून सांगते, तसली प्रार्थनासभा आमच्या चर्चमध्ये पूर्वी झाली नव्हती. सुनेला मुलगा व्हावा म्हणून याच खोलीत याच बायकांनी वर्षानुवर्षं गुडघे टेकले होते. आज त्याच सगळ्या डोळे मिटून, हात जोडून म्हणत होत्या, प्रभू, मुलगीच होऊ दे! एकीने तर 'मुलगा नको रे बापा' म्हटलं, आणि मग स्वतःच दचकून डोळे उघडले.

शेळी व्याली. दोन बोकड!

आठ महिन्यांनी पुन्हा प्रार्थना, पुन्हा बोकड. सगळ्याजणी खट्टू होऊन बसल्या होत्या. आमच्या नव्वदीच्या मार्थाआजींनी तेवढा मुद्दा सोडवला. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याला मुलगी मागायची सवय कुठाय?"

हसलो आम्ही, पण वाडीत जायचं म्हटलं की माझे पाय जड व्हायचे. भागाबाईने अंगणात कुडाची छोटी खोपी बांधली होती, खाली वाळू टाकली होती. बिबट्यासाठी दाराला पत्रा लावला होता. खुंट्याला गवताची पेंडी बांधलेली असायची आणि आठवड्याने बदललेली असायची. आम्ही गेलो की चहा द्यायची, कोरा. एकदाच म्हणाली की दूध न्हाय, तुमच्यापायी मागाया गेले न्हाय. एरवी ती काही विचारायची नाही. ते जास्त लागायचं.

तिसऱ्या वेळी आम्ही प्रार्थनासभाच ठेवली नाही. पाट झाली.

*

आता काशिनाथचं घर आणि भागाबाईचं घर यांच्यामध्ये दोनच घरं आहेत. पाट मोठी झाली की काशिनाथने दोरी धरून पन्नास पावलं चालायचं आणि भागाबाईच्या हातात द्यायची. संपलं. लहान मुलालाही कळेल.

पण मामा म्हणाले, मंडळीला दिसायला नको का? समर्पणाची प्रार्थना नको का? तेव्हा पन्नास पावलांवर जायची ती पाट टेंपोत बसून, धरणाला वळसा घालून, पुण्याला आली. तीही नेमकी हंगामाच्या सणाच्या रविवारी.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक आपापल्या पिकातलं, परसातलं देवापुढे आणतात. भोपळे, तांदूळ, केक, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. रीत अशी की ज्याने घेतलं तो बहुतेक वेळा ते परत देतो आणि त्याच वस्तूचा पुन्हा लिलाव होतो. एका वर्षी एक पपई सात वेळा विकली गेली आणि शेवटी कोणी घ्यायच्या आधी पिकून फुटली.

समर्पणाची प्रार्थना छान झाली. भागाबाई नवं लुगडं नेसून आली होती, हातात स्वतः वळलेली दोरी. देणं जेवणानंतर ठरलं होतं. आम्ही तिला आणि काशिनाथला आत हॉलमध्ये जेवायला बसवलं. चिकोंडी भात वाढत होता, मी पुऱ्यांपाशी, मामा कोणी दोनदा रांगेत लागतंय का बघत होते. पाट बाहेर कडुलिंबाखाली बांधलेली होती.

कुठे? तर भोपळ्यांच्या शेजारी!

पाळकसाहेब नवे होते, बदलून येऊन तीन महिने झालेले, आणि लिलावात अंगात आल्यासारखे ओरडायचे. भोपळ्याचं झालं की त्यांनी शेळीच्या पिल्लावर हात ठेवला. मी पुरीचा झारा घेऊन बाहेर आले तोवर ती दोनदा विकली गेली होती आणि दोन्ही वेळा परत मिळाली होती. मी हात हलवत होते. पाळकसाहेबांना वाटलं मी बोली लावतेय!

तिसऱ्यांदा ती घेतली साळव्यांनी. साळवे केटरर. मोठा माणूस, मनाने वाईट नाही. पण त्यांनी परत दिली नाही. म्हणाले की मंगळवारी लग्नाची ऑर्डर आहे, आणि झाडाची दोरी सोडून तिला घेऊन टेंपोकडे निघाले.

मामा धावत आले. पण ऐन वेळी त्यांना नियम आठवला. लिलावात विकलं ते विकलं, असं त्यांनीच मागे लिहून ठेवलेलं. ते 'साळवेसाहेब, साळवेसाहेब' एवढंच म्हणत मागे चालत राहिले.

तेवढ्यात हात खरकटा असलेली भागाबाई हॉलच्या दारात आली. तिने बघितलं आणि तिला सगळं समजलं. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. ती चालत गेली आणि साळव्यांच्या पुढे उभी राहिली.

"दोन वर्सं हिची वाट बघितलीया," ती म्हणाली. "तुमचं लगीन मंगळवारी हाय. माजं दूध रोजचं हाय."

साळवे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोरी पुढे केली. पण भागाबाईने घेतली नाही! तिने काशिनाथला हाक मारली. तो लंगडत आला. साळव्यांनी दोरी काशिनाथकडे द्यायची आणि काशिनाथने तिच्याकडे, असं तिने हाताने दाखवलं. तसंच झालं. चिकोंडी भाताचा हात पाठीमागे धरून बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, सांगायला काय लाजायचं.

साळव्यांनी रुमालाने मान पुसली आणि पाळकसाहेबांकडे वळले.

"तो भोपळा कोणी नेला?"

मंगळवारच्या लग्नात भोपळ्याचे घारगे होते, असं नंतर ऐकलं.

*

आता शेवटचं. हे मागच्या हिवाळ्यातलं.

भागाबाईची पाट मोठी झाली, व्याली, आणि पहिल्याच वेताला पाट! नातीला दूध सुरू झालं. आम्ही गेलो तर चहा दुधाचा, वर साय. आता अकराव्या नियमाप्रमाणे भागाबाईची पाळी होती. पण वाडीत एव्हाना गरजेच्या घरी शेळ्या पोचल्या होत्या. ती कोणाला देणार, यावर मामांनी दोन मीटिंगा घेतल्या. तिला विचारलं की एवढंच म्हणायची, बघते.

एका रविवारी दुपारी मामांच्या घरी समिती जमली होती. मामा, मी आणि चिकोंडी, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे कारणं कळवली होती. खालून वॉचमनचा इंटरकॉम आला. तो गोंधळलेला होता. एक बाई बोर्ड दाखवूनही ऐकत नाहीत, तुमचंच नाव सांगतात, आणि लिफ्टमध्ये शिरल्या आहेत, असं तो म्हणाला. मामांनी काही विचारायच्या आत बेल वाजली.

दारात भागाबाई. ते हंगामाच्या सणाचं लुगडं, तेल लावून चोपून बसवलेले केस. कडेला पाट. वाडीवरून जीपने स्वारगेटला, तिथून रिक्षाने आली होती.

मामांनी आधी जिन्यात डोकावून कोणी बघत नाही ना ते पाहिलं, मग तिला आत घेतलं. पाणी दिलं, दोन मारी बिस्किटं दिली. एक तिने पिल्लाला दिलं. कोणाला द्यायची ते ठरवलं का, मामांनी विचारलं. ठरवलंय, ती म्हणाली, आधी ते कागद काढा. नेहमीचे, चौकटीचे.

मामा खूश झाले. अर्जावर त्यांचा भारी जीव. कोरा अर्ज आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. भागाबाईने मला सांगितलं, बाई, तुमी वाचा, म्या विचारते. मग ती खुर्ची ओढून मामांच्या समोर बसली. मामा अजून दाराकडे बघत होते, अर्जदार कधी येतोय म्हणून.

मी वाचलं. घरात माणसं किती?

तिने मामांकडे बघितलं. "किती?"

मामा हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. "मी एकटा."

"एक लिवा. दूध कुठनं येतं?"

"पिशवीचं. दुकानातून." मामांचं हसू थोडं कमी झालं.

शेळी पाळण्याचा अनुभव, मी वाचलं. तिने हात केला, ते ऱ्हाऊ द्या, म्या शिकवीन. मग मघाशी मी मुद्दाम गाळलेला प्रश्न वाचला. दुखलं-खुपलं तर बघायला कोण?

"मुलगा आहे," मामा म्हणाले. "कॅनडात."

"हाक मारली तर येतो?"

मामा चष्मा काढून पुसायला लागले. "रविवारी फोन करतो."

"कोन न्हाय, लिवा," ती हळूच म्हणाली.

मी लिहिलं. चिकोंडी खिडकीकडे तोंड करून उभा होता. पाट सोफ्यावर चढली होती. कोणीच तिला उतरवलं नाही. मी बत्तिसावा प्रश्न वाचला. अर्जदार खरोखर गरजू आहे काय?

भागाबाईने घरभर नजर फिरवली. मोरीत पालथं घातलेलं एक ताट, एक वाटी. टीव्हीसमोर एक खुर्ची.

"व्हय," ती म्हणाली. "लिवा."

आणि उठून तिने दोरी मामांच्या पुढे धरली. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चिकोंडीकडे. समितीने मध्ये पडू नये, हे चिकोंडीने म्हटलंसुद्धा नाही.

मामा उठले. इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. दोन्ही हात पुढे करून दोरी घेतली. मग घसा खाकरून नेहमीच्या अध्यक्षी आवाजात मला म्हणाले,

"एस्तेर, जाताना गेटवरचा तो बोर्ड तेवढा उतरवून ठेव."